दहा हजारांत स्कीइंग? आधी बर्फावरचे तास मोजा

दिवाळीचे फटाके संपले की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच: ‘स्कीइंग हा श्रीमंतांचा खेळ नाही! मुंबई-पुण्याहून १० हजारांत गुलमर्ग. नाताळच्या सुट्टीत जा, बर्फ हमखास. आता श्रीनगरपर्यंत थेट ट्रेन आहे. कोर्स-बिर्स नको, व्हिडिओ बघून शिका. कपडे घरचेच, जीन्सवर रेनकोट आणि दोन जोड मोजे. गोंडोलाने (केबल कारने) वर जा, घसरत खाली या. विमा म्हणजे फुकट खर्च.’

पहिलं वाक्य खरं आहे. पुढच्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात गडबड आहे, आणि ती फक्त आकड्याची नाही. मेसेज जिथे पैसे वाचवायला सांगतो तिथे ते वाचत नाहीत, आणि जिथे खरोखर वाचतात ती जागा त्यात नाहीच. याचं कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे. सहल कितीला पडली हा प्रश्न इथे कामाचा नाही. पायात स्की असताना बर्फावर किती तास मिळाले आणि दर तास कितीला पडला, हे विचारायला हवं. मुद्दे याच मापाने पाहू.

‘नाताळात जा, बर्फ हमखास’

काश्मीर आणि गढवालात हिवाळी बर्फ येतो तो पश्चिमी विक्षोभांमुळे. भूमध्य समुद्राकडून सरकत येणाऱ्या या प्रणाली कॅलेंडर बघून येत नाहीत. काश्मीरमधला कडाक्याचा काळ, ‘चिल्लई कलान’, २१ डिसेंबरला सुरू होतो आणि ४० दिवस चालतो. म्हणजे नाताळात हा काळ जेमतेम सुरू झालेला असतो. चिल्लई कलान म्हणजे बर्फाची हमी, असंही नाही. जानेवारी २०२४चा बहुतेक महिना गुलमर्गचं मैदान तपकिरी गवताचं होतं, बर्फ आला तो महिना संपताना. २०२५मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधला टप्पा फेब्रुवारीत बर्फाअभावी पुढे ढकलून मार्चमध्ये घ्यावा लागला. स्पर्धा पुढे ढकलता येते, तुमची रजा नाही.

शिवाय नाताळ ते १ जानेवारी हा राहण्याच्या भावांचा कळस. तंगड्या पसरायला जागा नाही अशा उतारावर शिकणारा दिवसाचा निम्मा वेळ रांगेत आणि लोकांना चुकवण्यात घालवतो. कमी पैशात जायचं तर प्रजासत्ताक दिनाची गर्दी ओसरल्यावर, फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, आणि तेही सोमवार ते शुक्रवार. तोवर बर्फाचा थर बहुधा बसलेला असतो, दिवस मोठा झालेला असतो आणि खोलीसाठी घासाघीस करता येते.

अडचण एवढीच, की रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि बर्फाचा अंदाज आठवड्यापलीकडे भरवशाचा नसतो. म्हणून तिकीट आधी काढा, पण राहण्याचे पूर्ण पैसे आगाऊ देऊ नका. वेळेत रद्द केलेल्या स्लीपर तिकिटावर थोडीच रक्कम कापली जाते. परत न मिळणाऱ्या हॉटेल बुकिंगमध्ये मात्र सगळंच जातं.

‘थेट ट्रेन आहे’

अर्धवट माहिती. उधमपूर-श्रीनगर-बारामुल्ला मार्ग जून २०२५मध्ये पूर्ण झाला हे खरं, पण महाराष्ट्रातून बसून थेट श्रीनगरला उतरता येत नाही. वैष्णोदेवीच्या कटऱ्याला गाडी बदलावी लागते. तिथून श्रीनगर वंदे भारतने सुमारे तीन तास. मुंबईच्या वांद्रे टर्मिनसहून कटऱ्याला जाणारी स्वराज एक्स्प्रेस रोज नसते आणि तीसेक तास घेते. कटऱ्याला रात्र काढून सकाळची गाडी धरली, तर गुलमर्गला पोचायला तिसरा दिवस उजाडतो. येताना तेवढेच. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेतलं धुकं गाड्यांना तासन् तास रखडवतं, म्हणून प्रत्येक बाजूला अर्धा ते एक दिवस राखीव हवा. मेसेजमधल्या ‘सात दिवसांच्या’ सहलीत मग बर्फावर उरतो जेमतेम एक दिवस.

ट्रेन स्वस्त आहे यात वाद नाही. पण ती परवडते ते मुक्काम दहा-बारा दिवसांचा असेल तेव्हा. चार दिवसांची रजा असेल तर गुलमर्गचा नादच सोडा, कारण तास हातात येत नाहीत.

उत्तराखंडमधल्या औलीचा पर्यायही अनेकदा जोडून येतो, ‘जोशीमठहून रोपवेने वर’ असं सांगत. जोशीमठची जमीन खचल्यावर, जानेवारी २०२३मध्ये, तो रोपवे बंद झाला, आणि जुनी पोस्ट अजून फिरते आहे. हरिद्वार ते जोशीमठ पावणेतीनशे किलोमीटर, डोंगरातला दिवसभराचा प्रवास. बस पहाटेच निघतात, रात्री डोंगरात चालत नाहीत. त्यामुळे हरिद्वारला दुपारी उतरणारी गाडी घेतली की एक मुक्काम वाढलाच. जोशीमठहून पुढे औलीपर्यंत रस्त्याने शेअर जीप.

काश्मीरला जाणाऱ्यांसाठी एक बारीकशी पण महागात पडणारी गोष्ट: बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. सिम बंद म्हणजे यूपीआय बंद. ग्रुपमध्ये निदान दोघांकडे पोस्टपेड असू द्या आणि दोन दिवसांची रोकड जवळ ठेवा.

‘कोर्स नको, व्हिडिओ बघून शिका’

मेसेजमधली सगळ्यात महागडी चूक हीच. स्वस्तात स्कीइंग करायचा भारतातला खरा रस्ता म्हणजे सरकारी संस्थांचे कोर्स, आणि मेसेज नेमका तोच गाळतो.

मनालीची अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण व संलग्न क्रीडा संस्था हिवाळ्यात १४ दिवसांचा बेसिक स्की कोर्स घेते. गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतली भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था आहे. औलीला गढवाल मंडल विकास निगम कोर्स चालवतं. मनालीसारख्या निवासी कोर्सच्या फीमध्ये राहणं, जेवण, स्की-बूट-काठ्या आणि प्रशिक्षण हे सगळं येतं. फी दर हंगामाला बदलते, ती संस्थेच्या संकेतस्थळावरच पाहा, दलालाकडे नको. वयोमर्यादा आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, आणि जागा लवकर भरतात.

आता हिशेब. समजा १४ दिवसांच्या कोर्सला प्रवासासकट सगळे मिळून ३० हजार लागले. येण्याजाण्याचे आणि सुट्टीचे दिवस वगळून ११ दिवस, रोज ४ तास धरले तर ४४ तास, म्हणजे तासाला ७०० रुपयांच्या आत. मेसेजमधल्या १० हजारांच्या सहलीत, पायात स्की असलेला वेळ सढळ हाताने मोजला तरी तीन तास. तासाला तीन हजारांच्या वर. स्वस्त कोणतं?

आणि व्हिडिओने नेमकं काय होतं? नवशिक्याचा पहिला धडा म्हणजे स्नोप्लाऊ: स्कींची पुढची टोकं जवळ, मागची लांब, कौलारू छपरासारखा आकार, आणि आतल्या कडांवर दाब देऊन थांबणं. व्हिडिओत हे दोन मिनिटांत समजतं. उतारावर मात्र शरीर भीतीने मागे झुकतं. वजन टाचांवर गेलं की स्कीच्या पुढच्या भागाची पकड सुटते, मग ती वळत नाही आणि वेग वाढतो. वेग वाढला की माणूस आणखी मागे झुकतो. हे चक्र बाहेरून बघणाराच तोडू शकतो, ‘नडगी बुटाच्या जिभेवर दाब’ एवढं दर वळणाला ओरडून. स्वतःला आपण पुढे झुकलोय असंच वाटत असतं.

पडण्याचंही तसंच. तोल गेल्यावर घसरत असतानाच उठायची धडपड केली की गुडघ्याच्या लिगामेंटवर येतं. पूर्ण थांबेपर्यंत पडून राहायचं, मग स्की उताराला आडव्या करून उठायचं. काठीचा पट्टा चुकीच्या पद्धतीने मनगटात अडकवला तर पडताना अंगठा मागे ओढला जातो. अंगठ्याची ही दुखापत इतकी नेहमीची, की तिला ‘स्कीअर्स थंब’ असं नावच आहे.

कोर्सची जागा नाहीच मिळाली तर शिक्षक वाटून घ्या. सारख्या तयारीचे तिघे जण, पहिले दोन दिवस अर्धा-अर्धा दिवस शिक्षक, तिसरा दिवस निव्वळ सराव, चौथ्या दिवशी पुन्हा दोन तास, तोवर बसलेल्या चुका काढायला. स्की-स्टँडवर ‘सर, गाईड’ म्हणत येणारा प्रत्येक जण शिक्षक नसतो, काही जण नुसतं हात धरून ओढत नेतात. प्रशिक्षणाचं ओळखपत्र मागा. भाव ठरवताना तीन गोष्टी आधीच विचारा: तास किती, स्कीचं भाडं धरलंय का, ड्रॅग-लिफ्टचे (स्कीवर उभ्या माणसाला ओढत वर नेणाऱ्या दोरीचे) पैसे कोण देणार. उत्तर फोनवर लिहून घ्या.

‘जीन्सवर रेनकोट, दोन मोजे’

जीन्सचं कापड पाणी धरतं आणि तासाभरात पायाला बर्फाची पाटी बांधल्यासारखं होतं. कॉटनचा टी-शर्ट घामाने भिजतो आणि थांबलं की गारठतो. पण म्हणून नवा स्की-सूट घ्यायची गरज नाही. सह्याद्रीत हिवाळी ट्रेक करणाऱ्याच्या कपाटात निम्मं सामान असतं: पॉलिस्टरचा आतला थर, फ्लीस, पावसाळी जाकीट. विकत किंवा उसनी घ्यावी अशी एकच मोठी वस्तू, पाणी न शिरणारी पँट. हातमोजे मात्र दोन जोड हवेत, कारण शिकताना हात सतत बर्फात टेकतात आणि पहिली जोडी दुपारपर्यंत ओली होते.

मोज्यांचा सल्ला तर उलटाच. स्कीच्या बुटात एकच मोजा, पातळ, लांब, सुरकुती नसलेला. दोन मोज्यांनी रक्तप्रवाह दबतो, पाय जास्त गार पडतात आणि टाच बुटात हलते. बुटाचं माप म्हणजे पावलाची लांबी सेंटीमीटरमध्ये, उदाहरणार्थ २६.५. घरून मोजून जा. बूट घालून ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत, गुडघे वाकवल्यावर सुटली पाहिजेत. भाड्याच्या दुकानात ‘थोडा मोठा घ्या, आराम पडेल’ म्हणतील. घेऊ नका, सैल बुटाने स्की वळत नाही.

स्कीची लांबी नवशिक्याला छाती ते हनुवटीच्या मध्ये. बाइंडिंगवर, म्हणजे बूट स्कीला अडकवणाऱ्या पकडीवर, आकड्याची छोटी खिडकी असते. बूट किती ताकदीला सुटेल ते हा आकडा ठरवतो आणि तो तुमचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य पाहून लावायचा असतो. काही न विचारता स्की हातात दिल्या तर तिथेच थांबवा. आकडा जास्त असेल तर पडताना बूट सुटत नाही आणि पीळ गुडघा घेतो. कडा गंजलेल्या, बोथट असतील तर जोडी बदलून मागा. हेल्मेटवर घासाघीस नको. घेतलेल्या सामानाचे फोटो काढा, आणि अनामत म्हणून मूळ आधारकार्ड ठेवू नका.

गुलमर्गच्या वाटेवर तंगमर्गला गाडी थांबवून ओव्हरकोट आणि गमबूट भाड्याने घ्यायचा आग्रह होतो, ‘वर सोडत नाहीत’ असंही सांगतात. तसा काही नियम नाही. उतारावर गमबुटांचा उपयोग शून्य. हे पैसे चष्म्याकडे वळवा: ऊन असेल तर अतिनील किरण अडवणारा साधा गॉगल चालतो, बर्फ पडत असेल तर स्की-गॉगल लागतो.

‘गोंडोलाने वर, घसरत खाली’

नवशिक्याने अजिबात करू नये अशी एकच गोष्ट निवडायची झाली तर ही. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला जातो, दुसरा अफरवतला, सुमारे ३,९५० मीटरवर. तिथून खालचा बहुतेक उतार सपाट केलेला, आखलेला नाही, आणि हिमस्खलनाचा आहे. फेब्रुवारी २०२३मध्ये अफरवतवर दोन पोलिश स्कीअर आणि फेब्रुवारी २०२४मध्ये एक रशियन स्कीअर हिमस्खलनात गेले. ही सराईत माणसं होती. शिकणाऱ्याचे पहिले चार-पाच दिवस खालच्या मैदानातल्या सौम्य उतारावर आणि ड्रॅग-लिफ्टवर जातात. म्हणजे गोंडोलाचा खर्च काटकसरीत पहिलाच कापायचा. दृश्य बघायला जायचंच असेल तर तिकीट आधी ऑनलाइन काढा. वारा वाढला की वरचा टप्पा बंद होतो, हे धरून चाला.

‘विमा फुकट खर्च’

साध्या प्रवास-विम्यात स्कीइंग अनेकदा वगळलेलं असतं, त्यामुळे डोळे झाकून घेतलेला विमा खरंच फुकट जातो. पॉलिसीत हिवाळी किंवा साहसी खेळांचं कलम शोधा. घरच्या आरोग्य विम्यातही तेच वाचा. कलम नसेल तर जोडून घ्या. मोडलेल्या पायाने श्रीनगरहून घरी विमानाने यायचा खर्च स्लीपरच्या भाड्यात बसत नाही.

राहिली मेसेजमध्ये नसलेली एक बाब: पाय. गड चढायची सवय असलेल्यांनाही दुसऱ्या दिवशी मांड्या धरून बसावं लागतं, कारण स्कीइंगमध्ये मांडीचा स्नायू ताणलेल्या अवस्थेत भार पेलतो. भाड्याने घेतलेल्या स्की मग खोलीत पडून राहतात आणि हिशेबातले तास जातात. निघायच्या आठ आठवडे आधी सुरुवात करा: भिंतीला पाठ टेकवून अदृश्य खुर्चीवर ४५ सेकंद, चार वेळा, एक दिवसाआड. इमारतीला लिफ्ट असली तरी जिने उतरताना पायीच, सावकाश.