आगाऊ सुरक्षा घोषणा म्हणजे ‘तोच फॉर्म पुन्हा एकदा’ नव्हे

आयात-निर्यातीच्या क्षेत्रातील मंडळींमध्ये एक मजकूर मोठ्या प्रमाणावर पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय थोडक्यात असा : माल दुसऱ्या देशात पोहोचण्यापूर्वी तेथील सीमाशुल्क खात्याला द्यावी लागणारी सुरक्षा घोषणा ही नेहमीच्या कस्टम्स कागदपत्रांचीच पुनरावृत्ती आहे, स्फोटके पाठवणारा माणूस घोषणेत ‘स्फोटके’ असे कधीच लिहिणार नाही, म्हणून तिच्यामुळे काही सापडणे शक्य नाही, 2024 मध्ये युरोपात पार्सलांना लागलेल्या आगींनी हे सिद्धच केले, हा सारा श्रीमंत देशांचा हट्ट आहे, प्रामाणिक व्यापाऱ्याचा माल मात्र यात अडकतो, आणि भुर्दंड पडतो तो लहान निर्यातदाराला. यातील शेवटच्या मुद्द्यात तथ्य आहे आणि त्याकडे मी पुढे सविस्तर येईन. बाकीचे मुद्दे तपासले असता टिकत नाहीत.

पुनरावृत्तीचा आरोप आधी घेऊ. आयातीची नेहमीची घोषणा साधारणपणे आयातदार किंवा त्याचा कस्टम्स ब्रोकर करतो आणि तिचा मुख्य प्रश्न असतो, या मालावर शुल्क किती आणि त्याच्या आयातीला परवानगी आहे का. सुरक्षा घोषणेची जबाबदारी प्रामुख्याने वाहतूकदारावर, म्हणजे शिपिंग लाइन, विमान कंपनी किंवा ट्रकचालक कंपनीवर असते आणि तिचा प्रश्न वेगळा असतो : हा माल वाहनात चढू द्यावा का, किंवा सीमेपर्यंत येऊ द्यावा का? म्हणूनच तिची मुदतही वेगळी ठरवलेली आहे. युरोपीय संघात दूरच्या बंदरांतून कंटेनरने येणाऱ्या मालाची ‘एन्ट्री समरी डिक्लरेशन’, व्यवहारातील ‘ईएनएस’, तो कंटेनर परदेशी बंदरात जहाजावर चढवण्याच्या किमान 24 तास आधी दाखल करावी लागते. त्याच नियमांत मोठ्या सुट्या मालासाठी जहाज पोहोचण्याच्या 4 तास आधीची आणि रस्त्याने येणाऱ्या मालासाठी सीमेवर पोहोचण्याच्या 1 तास आधीची मुदत पुरते. हा फरक मनमानी नाही. ट्रक सीमेवर बाजूला घेता येतो. पण जहाजावर इतर कंटेनरांच्या थरांखाली गेलेला संशयित कंटेनर भर समुद्रात बाहेर काढता येत नाही, आणि पोचल्यावर मिळालेली माहिती तेव्हा उपयोगाची राहत नाही.

या आरोपाला सर्वांत स्पष्ट उत्तर देणारा माल म्हणजे जहाजावरच राहणारा माल. एखादे जहाज वाटेत पाच बंदरे घेते, तेव्हा त्यावरील अनेक कंटेनर त्यांपैकी काही बंदरांत उतरतच नाहीत. ते पुढच्या देशात जायचे असतात. अशा कंटेनरांसाठी मधल्या देशात आयातीची घोषणा कधीच होत नाही, कारण तेथे आयातच होत नाही. तरीही तो कंटेनर त्या बंदराच्या धक्क्याला, तेथील कामगारांच्या आणि शहराच्या शेजारी काही तास उभा असतो. अमेरिका आणि युरोपीय संघ या दोघांच्याही नियमांत अशा मालाची आगाऊ माहिती द्यावी लागते. जी घोषणा मुळात एकमेव आहे, तिला दुसरी प्रत कशी म्हणता येईल? वर्णन, कोड, प्रेषकाचे नाव अशी काही माहिती दोन्हीकडे द्यावी लागते हे खरे आहे, आणि ती एकदाच भरून दोन्हीकडे वापरता यावी ही मागणी रास्त आहे. पण तेवढ्याने दोन घोषणा एक होत नाहीत.

आता मुख्य मुद्दा, ‘गुन्हेगार खरे लिहिणार नाही’ हा. हे विधान खरे आहे आणि या व्यवस्थेची रचना करणाऱ्यांनी ते पहिल्यापासून गृहीत धरलेले आहे. घोषणेवर विश्वास ठेवून माल सोडला जात नाही. तिच्यातील प्रेषक, प्राप्तकर्ता, वजन, वर्णन, कंटेनरचा क्रमांक आणि मार्ग या गोष्टी एकमेकांशी, आधीच्या हजारो खेपांशी आणि गुप्तवार्ता विभागांकडील माहितीशी ताडून पाहिल्या जातात. खोटे लिहिणाऱ्यालाही काहीतरी लिहावेच लागते, आणि ते लिहिलेले सगळीकडे जुळावे लागते : त्या वर्णनाच्या मालाला ते वजन शोभले पाहिजे, त्या पत्त्यावरच्या माणसाने तसला माल मागवण्याला काही कारण असले पाहिजे, आणि त्या मालाच्या किमतीला विमानाचे भाडे परवडले पाहिजे.

ऑक्टोबर 2010 मधील घटना या संदर्भात नीट आठवली पाहिजे, कारण ती दोन्ही बाजूंनी अर्धवट सांगितली जाते. येमेनमधील सना येथून अमेरिकेतील शिकागोच्या पत्त्यांवर दोन पार्सले विमानाने निघाली होती; प्रिंटरच्या कार्ट्रिजमध्ये पीईटीएन हे स्फोटक भरलेले होते. एक पार्सल इंग्लंडमधील ईस्ट मिडलंड्स विमानतळावर सापडले आणि दुसरे दुबईत. ती पकडली गेली ती सौदी अरेबियाने दिलेल्या गुप्त माहितीमुळे; ईस्ट मिडलंड्सच्या पहिल्या तपासणीत तर स्फोटक हाती लागलेच नव्हते. म्हणजे कोणत्याही घोषणेने ती पकडली नाहीत, हे मान्यच केले पाहिजे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मजकुरात सांगितला जातो त्याच्या उलट आहे. लांबच्या उड्डाणांसाठी अमेरिकेचा तेव्हाचा नियम विमान पोहोचण्याच्या 4 तास आधी माहिती देण्याचा होता. त्या वेळी विमान हवेत असते आणि माल त्याच्या पोटात असतो. प्रेषकाचे नाव, पत्ता, वर्णन, वजन हे सारे कुरिअर कंपन्यांकडे मात्र पार्सल स्वीकारल्यापासूनच नोंदलेले असते. माहिती होती, पण निर्णय घेणाऱ्याकडे ती उशिरा जात होती. म्हणून त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत माल विमानात चढण्यापूर्वीच ही मोजकी माहिती देण्याचा ‘एकॅस’ हा प्रायोगिक उपक्रम सुरू झाला आणि जून 2018 मध्ये तो बंधनकारक झाला. युरोपीय संघाने ‘आयसीएस-2’ या नव्या प्रणालीत तोच विचार 15 मार्च 2021 पासून टपाल व एक्स्प्रेस पार्सलांना आणि 1 मार्च 2023 पासून सर्व हवाई मालाला लागू केला. गुप्त वार्ता हाती आली, तरी ती ज्या नोंदींशी जुळवून पाहायची त्या नोंदीच वेळेत नसतील, तर ती खबर कोणत्या विमानाला लावायची?

2024 च्या आगींचा दाखला तर या वादात मुळीच बसत नाही. त्या वर्षी जुलैमध्ये लिथुआनियातून पाठवलेल्या पार्सलांनी जर्मनीतील लाइपझिग आणि ब्रिटनमधील बर्मिंगहॅम येथील मालकेंद्रांत पेट घेतला. लिथुआनिया आणि जर्मनी हे एकाच सीमाशुल्क क्षेत्राचे भाग आहेत. त्यांच्यामधून जाणाऱ्या पार्सलासाठी प्रवेशाची सुरक्षा घोषणा नसतेच. ब्रिटनने युरोपीय संघातून येणाऱ्या मालाला ही घोषणा लागू केली ती 31 जानेवारी 2025 पासून, म्हणजे त्या आगीनंतर सहा महिन्यांनी. दोन्ही पार्सले ज्या वाटेने गेली, तिथे ही घोषणा अस्तित्वातच नव्हती. ती असती तर आगी टळल्याच असत्या असा दावा मी करणार नाही, कारण त्याला आधार नाही. पण जी व्यवस्था तिथे नव्हतीच, तिच्या अपयशाचा पुरावा म्हणून या घटना सांगणे चुकीचे आहे.

श्रीमंत देशांच्या हट्टाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. माल जहाजावर चढवण्याच्या 24 तास आधी माहिती देण्याचा अमेरिकेचा नियम डिसेंबर 2002 मध्ये आला हे खरे. पण आगाऊ माहितीचे तत्त्व जागतिक सीमाशुल्क संघटनेने जून 2005 मध्ये ‘सेफ’ या व्यापार-सुरक्षेच्या मानकांच्या चौकटीत स्वीकारले, आणि चीन, जपान, इजिप्त, भारत अशा अगदी वेगवेगळ्या परिस्थितींतील देशांनी आपापले नियम केले आहेत.

माल अडकतो, या तक्रारीत मात्र खरा त्रास आहे. त्याचे कारण तेवढे चुकीचे सांगितले जाते. आयसीएस-2 मध्ये हवाई मालाच्या घोषणेवर शंका आली, तर तीन प्रकारची उत्तरे येऊ शकतात : अधिक माहिती द्या, मालाची विशिष्ट पद्धतीने तपासणी करा, किंवा माल चढवू नका. तिसरे उत्तर तातडीच्या धोक्यासाठी राखलेले आहे. प्रामाणिक निर्यातदाराला बहुधा पहिल्याच प्रकाराला तोंड द्यावे लागते आणि त्याचे कारण बहुतेकदा मालाच्या वर्णनात असते. ‘सुटे भाग’, ‘नमुने’, ‘भेटवस्तू’, ‘सर्वसाधारण माल’ अशा शब्दांवरून काय पाठवले आहे हे कोणालाच कळत नाही; युरोपीय संघाने अशा न चालणाऱ्या वर्णनांची यादीच प्रसिद्ध केली आहे. ‘सुटे भाग’ याऐवजी ‘पाण्याच्या पंपाचे रबरी सील’ असे लिहून सोबत योग्य सहाअंकी एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, दिला, तर विचारणा होण्याचे एक मोठे कारण उरत नाही. हे वर्णन मालाच्या मालकाइतके नेमके दुसरा कोणीही लिहू शकत नाही. शिपिंग लाइनच्या कार्यालयातील माणसाने खोका पाहिलेला नसतो. तो त्याला मिळालेला कागदच पुढे टंकतो.

आणि इथेच लहान निर्यातदाराचा मुद्दा येतो, जो मला सर्वांत गंभीर वाटतो. कायद्याने घोषणा वाहतूकदाराची असली, तरी तिच्यासाठीची माहिती खालून वर जाते, आणि खर्च वरून खाली येतो. अनेक शिपिंग लाइन प्रत्येक बिल ऑफ लेडिंगमागे, म्हणजे माल जहाजावर घेतल्याच्या पावतीमागे, वेगळा आकार लावतात. शंभर कंटेनर पाठवणाऱ्याला तो जाणवत नाही, पण सामायिक कंटेनरमध्ये चार खोके पाठवणाऱ्याच्या नफ्यातून तो सरळ वजा होतो. अमेरिकेत समुद्रमार्गे येणाऱ्या मालासाठी आयातदाराने जी वेगळी माहिती द्यायची असते, तिच्या प्रत्येक उल्लंघनाला 5,000 डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, आणि चूक परदेशी विक्रेत्याने दिलेल्या माहितीतली असली, तरी तो आयातदाराच्या दारात येतो. शिवाय मालाचा खरा विक्रेता आणि खरा खरेदीदार कोण, हे वाहतूकदाराला सांगण्याची फॉरवर्डरची, म्हणजे निर्यातदारांसाठी मालवाहतूक ठरवून देणाऱ्या मध्यस्थाची, तयारी नसते, कारण तेच त्याचे ग्राहक असतात आणि ते पळवले जाण्याची त्याला रास्त भीती असते. आयसीएस-2 ने यावर तोडगा दिला आहे : वाहतूकदार आपली माहिती भरतो, फॉरवर्डर हाउस बिलाच्या (त्याने स्वतः आपल्या ग्राहकाला दिलेल्या पावतीच्या) पातळीवरची माहिती थेट सीमाशुल्क खात्याकडे भरतो, आणि दोन्ही तेथेच जोडली जातात. ब्रिटननेही घोषणेतील 37 रकान्यांपैकी 20च सक्तीचे ठेवले. बाकीचे काही परिस्थितीनुसार आणि काही ऐच्छिक केले. म्हणजे भार कमी करता येतो, आणि तो केला जात आहे. लहान निर्यातदारांच्या संघटनांनी घोषणा रद्द करण्याची मागणी करण्याऐवजी तीन गोष्टींचा आग्रह धरावा : आकारणी प्रत्यक्ष खर्चाइतकीच असावी, फॉरवर्डरने स्वतः माहिती भरण्याची सोय जिथे अजून नाही तिथे ती व्हावी, आणि पहिल्या चुकीला दंडाआधी दुरुस्तीची संधी मिळावी.