मोफत पास आहे, पण गाडी कुठे आहे?

गेल्या आठवड्यात जत तालुक्यातल्या माझ्या बहिणीने एक संदेश पाठवून खाली विचारले, "दादा, मग हिचं नाव गावातल्या शाळेतून काढू का?" लहान गावांतली हायस्कुले बंद करावीत, पट कमी म्हणजे पालकांनाच ती नकोत, शिक्षक फुकटचा पगार घेतात आणि मोफत एसटी पासामुळे मुली तालुक्याला सहज शिकतील, असा तो मजकूर. भाची नववीत आहे, म्हणून उत्तर देणे भाग आहे.

आधी पासाचे पाहू. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा प्रवास मोफत आहे, हे खरे. पण पासाने गाडी येत नाही. बहिणीच्या शेजारची मुलगी अकरावीला तालुक्याला जायची. वस्तीपासून फाटा अडीच किलोमीटर आणि परतीची शेवटची गाडी साडेसातला. बाप ऊसतोडीला गेलेला, त्यामुळे आई रोज बॅटरी घेऊन फाट्यावर उभी राहायची. डिसेंबरात आई आजारी पडली आणि मुलीचे कॉलेज सुटले. आता घरात तिच्या लग्नाची बोलणी चालू आहेत. हीच पायपीट चौदा वर्षांच्या मुलींच्या वाट्याला यावी, असे हा संदेश सुचवतो. कायद्याचा आधारही या मुलींना नाही, कारण 2009 चा शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयापुरता, म्हणजे आठवीपर्यंतच्या शिक्षणापुरता आहे, पाचवीपर्यंत एक आणि पुढे तीन किलोमीटरच्या आत शाळा देण्याचा राज्याचा नियम आठवीपर्यंतच लागू होतो आणि शाळेतला दुपारचा आहारही आठवीनंतर मिळत नाही. नववीच्या मुलीला गावातले हायस्कूल तेवढे उरते.

पटाचे म्हणाल, तर संचमान्यतेत, म्हणजे सरकार शाळेची पदे मंजूर करते तेव्हा, शिक्षकांची पदे पटावरच ठरतात. पट घटला की एक शिक्षक अतिरिक्त ठरून दुसरीकडे जातो, गणिताच्या शिक्षकाला इंग्रजीही शिकवावे लागते, ते पाहून ऐपत असलेले पालक मुलांना सांगलीला ठेवतात आणि पुढच्या वर्षी पट आणखी उतरतो. मागे राहतात ती ऊसतोड मजुरांची आणि कोरडवाहू शेतकऱ्यांची मुले. त्यांच्या पालकांना कोणी काही विचारलेले नाही.

शिक्षकांबद्दलच्या आरोपात तथ्य अजिबात नाही, असे मी म्हणणार नाही. तासाला उशिरा येणारे शिक्षक मी पाहिले आहेत आणि दहावीची मुले इंग्रजीचा धडा अडखळत वाचताना ऐकली आहेत. त्यासाठी तपासणी कडक करावी, रिक्त पदे भरावीत. शाळेला कुलूप लावून ती मुले इंग्रजी शिकणार नाहीत.

बहिणीला मी नाव काढू नको म्हणून कळवले आहे.