गर्दीच्या टेबलावर सुटलेला पेच

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आटोपल्यानंतरच्या शुक्रवारी गोव्यात म्हापशातील एका कापड दुकानाने पूर्ण दिवस गोधडी शिवणाऱ्यांसाठी राखून ठेवला होता. शुक्रवार म्हणजे म्हापशाच्या बाजाराचा दिवस, त्यामुळे बाहेर पाय ठेवायला जागा नव्हती आणि आत त्याहून नव्हती. कापड कापून घेण्यासाठीच मला अर्धा तास उभे राहावे लागले. अस्तराचे दोन मीटर कापड घेऊन लगेच परतावे असे मी ठरवून गेले होते. प्रत्यक्षात संध्याकाळी दुकानाचे शटर अर्धे खाली येईपर्यंत मी तिथेच होते.

भाचीच्या बाळासाठी घेतलेली गोधडी चार महिने माझ्याकडे अडून पडली होती. साडेसहा इंचांचा चौकोन कापला की दोन्हीकडचा पाव-पाव इंच शिवणीत जाऊन सहा इंच उरतो. असे ३६ चौकोन मी आईच्या नऊवारीतून, लाल चौकटीच्या कुणबी कापडातून आणि उरल्यासुरल्या तुकड्यांतून कापून ठेवले होते. एकेक तुकडा सुंदर, पण शेजारी शेजारी मांडले की सगळे मरगळलेले दिसत. त्या दिवशी मोठ्या टेबलावर मी ते मांडले, तेव्हा समोर बसलेल्या सत्तरीच्या एका मावशी थोडा वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "दोळे मातशे धांप आनी मागीर पळय गो बाय." मी डोळे किलकिले करून पाहिले आणि लाल, हिरवा, निळा हे सगळे रंग एकाच गडदपणाचे असल्याचे मला पहिल्यांदा दिसले. शेजारच्या महाविद्यालयीन मुलीने मोबाइलवर त्याच मांडणीचे कृष्णधवल छायाचित्र काढले. त्यात माझे ३६ चौकोन म्हणजे एक सलग करडा पट्टा होता, आणि केवळ एकच तुकडा उजळून वर आला होता. तो धुऊन धुऊन विटलेल्या उशीच्या अभ्र्याचा होता, आणि तोच मी काढून टाकणार होते.

इतके दिवस मी रंग जुळवत होते. जुळवायला हवे होते ते गडद आणि फिके. मावशींनी आपल्या पिशवीतून लुंगीचा एक विटका तुकडा काढून माझ्या लाल चौकटीशेजारी ठेवला आणि ती लाल चौकट अक्षरशः पेटली. अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड येथील स्त्रिया शेतात वापरून विटलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या आहेत, आणि २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्या भिंतीवर लागल्या, हे मी वाचले होते. विटलेल्या कापडात नेमके काय असते ते मात्र मला म्हापशाच्या त्या टेबलावर उमगले.

म्हणूनच मला ठामपणे वाटते की गोधडीची कल्पना सुचायला एकांत लागतो हा आपला समज अपुरा आहे. मोबाइलवरच्या चित्रांत गोधडी पूर्ण झालेलीच दिसते. टेबलाभोवती मात्र ती अर्धवट दिसते: कुणी उसवत असते, कुणी तिसऱ्यांदा कडेची पट्टी बदलत असते, कुणी न विचारता तुमचा तुकडा उचलून दुसरीकडे ठेवते आणि बहुतेक वेळा तिचे बरोबर असते.

दुपारी एका ताईंनी हल्याळहून आणलेली सिद्दी स्त्रियांनी शिवलेली कवदी, म्हणजे त्यांची गोधडी, उलगडली, तेव्हा गजबज एकाएकी थांबली. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या आणि पुढे पळून जाऊन उत्तर कन्नडच्या जंगलात वसलेल्या अनेकांचे वंशज, म्हणजेच हे सिद्दी, तिथे आजही आहेत. म्हणजे त्या कवदीचे आपल्याशी जुने आणि दुखरे नाते आहे. तिची शिवण कडेपासून सुरू होऊन धावदोऱ्याने फिरत फिरत मध्यावर येते. चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची त्रिकोणी फुले असतात, आणि फुलांवाचून कवदी उघडी मानली जाते. मी त्या कोपऱ्यावरून बोट फिरवले, तेव्हा एकावर एक बसवलेल्या घड्यांची जाडी बोटाला स्पष्ट जाणवली. बाळाच्या गोधडीचे चार कोपरे कसे करायचे, हे तिथेच ठरले.

एका बाबतीत मात्र माझे मत दुकानात बहुतेकींच्या विरोधात गेले. आत भरायला जाड पॉलिएस्टरचे थर भराभर विकले जात होते. आपल्या दमट हवेत ते कशाला, हे मला कळत नाही. जुन्या सुती साडीचे दोन थर पुरेसे असतात आणि पावसाळ्यातही त्यातल्या त्यात लवकर वाळतात. शिवाय नवे लाल कापड आधी वेगळे धुतल्याशिवाय फिक्या कापडाला जोडू नये. माझ्या पहिल्याच गोधडीत पांढऱ्यावर उतरलेला लाल रंग आजतागायत गेलेला नाही.

घरी येऊन मी गडद चौकोनांतले १८ बाजूला काढले आणि त्यांच्या जागी कपाटातले विटके अभ्रे, बाबांचे जुने सदरे कापायला घेतले. मावशींचा लुंगीचा तुकडा चौथ्या ओळीत, आईच्या नऊवारीशेजारी बसला आहे. काल रात्री तिथपर्यंतची शिवण पुरी झाली.