‘गंगा जमिनीखालून येते’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

श्रावण लागला की त्र्यंबकचे फोटो आणि गोदावरीची माहिती फिरायला लागते. यंदा एक मेसेज माझ्याकडे चार ग्रुपांवरून आला, शेवटचा तर माझ्या सख्ख्या मामांकडून. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं. हिमालयातली गंगा जमिनीखालून त्र्यंबकच्या ब्रह्मगिरी डोंगरात येते, म्हणून ती त्र्यंबकला दिसते, लपते आणि पुन्हा प्रकटते. या गुप्त प्रवाहामुळे गोदावरी कधीच आटत नाही. सह्याद्रीतल्या सगळ्या नद्या पश्चिमेला जातात, ही एकटीच निसर्गाविरुद्ध पूर्वेला वाहते. ब्रह्मगिरीवरच्या एका झऱ्याचं पाणी थेट आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत पोचतं. नाशिकला पूर येतो तो फक्त गंगापूर धरणाचे दरवाजे उघडतात म्हणून. आणि शेवटची ओळ : ‘त्यामुळे डोंगरावर काहीही झालं तरी गोदामाईला धोका नाही.’

या शेवटच्या ओळीमुळे मी लिहायला बसलो.

मी पंचवटीत वाढलो. आमच्याकडे कुणी ‘गोदावरीवर जाऊन येतो’ म्हणत नाही, ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणतात. आजी शेवटपर्यंत गंगाच म्हणायची. गौतम ऋषींच्या तपाने गंगा ब्रह्मगिरीवर आली, ही कथा मी तिच्या मांडीवर ऐकली आणि ती मला आजही प्रिय आहे. माझं भांडण कथेशी नाही. ती भूगोल म्हणून पुढे ढकलायची आणि तिच्या आधाराने नदीची काळजी सोडून द्यायची, याच्याशी आहे.

आधी जमिनीखालच्या गंगेचं बघू. हरिद्वार समुद्रसपाटीपासून साधारण ३१४ मीटरवर आहे. त्र्यंबकचं कुशावर्त कुंड त्याच्या दुपटीहून जास्त उंचीवर. काशी तर शंभर मीटरच्याही खाली. म्हणजे मैदानातल्या गंगेचं पाणी त्र्यंबकला यायचं तर त्याने डोंगर चढायला हवा. कुणी म्हणेल, गोमुख चार हजार मीटरवर आहे, तिथून येत असेल. पण मधे नर्मदेचं खोरं आहे, मग सातपुडा, मग तापीचं खोरं. भुसावळजवळ तापी दोनशे मीटरच्या आसपास वाहते. दाबाखालचं पाणी ही दोन खोल खोरी ओलांडून त्र्यंबकच्या डोंगरावर कशाला येईल? ते आधी तिथेच फुटून बाहेर पडलं असतं. शिवाय आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे, बेसाल्ट. चुनखडीत जशा पाण्याने कोरलेल्या लांबच लांब गुहा होतात, तशा यात होत नाहीत.

मग त्र्यंबकला पाणी दिसतं, लपतं, ते काय? हे समजून घ्यायचं तर एकदा पावसाळ्यानंतर ब्रह्मगिरीवरच्या गंगाद्वाराच्या पायऱ्या चढून बघा. आपला सह्याद्री साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर थर बसून झालाय. एक थर भेगाळलेला, सच्छिद्र, त्याखाली दुसरा घट्ट, आणि कित्येक ठिकाणी दोन थरांच्या मधे विटेच्या रंगाचा मातकट पट्टा. पावसाचं पाणी माथ्यावरून भेगांतून आत मुरतं, घट्ट थराला अडतं, आडवं सरकतं आणि कड्याला जिथे तो सांधा उघडा पडतो तिथून पाझरायला लागतं. ऑगस्टमध्ये अख्खा कडा गळत असतो. दिवाळीनंतर मोजक्या जागा ओल्या राहतात, तिथे शेवाळ आणि नेचे वाढलेले असतात, हात लावला की कातळ गार लागतो. मे महिन्यात मी तिथे थेंब मोजलेत. एका थेंबानंतर दुसरा पडेपर्यंत श्वास घेऊन सोडता येत होता. हेच पाझराचं पाणी खाली उतरताना दगडगोट्यांत आणि मातीत शिरतं, पुढे उतार मोडला की वर येतं. कुशावर्त, मग बेझे गावाजवळचं चक्रतीर्थ, सगळीकडे तोच प्रकार. ते पाणी गेल्या पावसाळ्याचं, याच डोंगरावर पडलेलं आहे.

‘कधीच आटत नाही’ याचं उत्तर आपण डोळ्यांनी पाहिलंय. २०१६ च्या एप्रिलमध्ये नाशिकच्या घाटावरचं रामकुंड कोरडं पडलं होतं. पाडव्याच्या सुमारास गंगेवर गेलेल्या कुणालाही विचारा. आणि एरवी उन्हाळ्यात रामकुंडात जे पाणी असतं, ते वरच्या धरणातून सोडलेलं असतं.

आता उलट्या वाहण्याचं. हा मुद्दा मला शाळेत असल्यापासून आवडतो, कारण यात खरंच नवल आहे, फक्त मेसेजमध्ये सांगितलंय ते नव्हे. ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ऐंशी किलोमीटर. तरी गोदावरी पाठ फिरवते आणि १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. पण ती एकटी नाही. भीमाशंकरची भीमा तशीच पूर्वेला निघते, महाबळेश्वरची कृष्णाही. सह्याद्री हा पठाराचा पश्चिमेकडचा उचललेला काठ आहे. ताट एका बाजूने किंचित उचललं तर आमटी दुसऱ्या बाजूला जाते, तसं इथलं पाणी पूर्वेला जातं. कड्याच्या पलीकडे पडलेलं पाणी मात्र कोकणात कोसळतं. वैतरणा त्र्यंबकच्या याच डोंगरांत उगम पावते आणि दीडशेएक किलोमीटरमध्ये समुद्राला भेटते. तिचं पाणी मुंबई पिते. एकाच ढगाची सर, डोंगराच्या माथ्याच्या अलीकडे पडली तर आंध्रात, पलीकडे पडली तर वसई-विरारच्या बाजूला. यात निसर्गाविरुद्ध काही नाही, हा निसर्गाचाच उतार आहे.

उताराचं निघालंच आहे तर आणखी एक. उगमाची उंची १०६७ मीटर धरतात. नाशिक शहरात नदी सहाशे मीटरच्याही खाली आलेली असते. म्हणजे पहिल्या तीस-पस्तीस किलोमीटरमध्येच ती आपली निम्म्याच्या जवळपास उंची उतरून जाते आणि उरलेली निम्मी उतरायला तिला चौदाशे किलोमीटर लागतात. पुराचं बोलताना हे लक्षात ठेवा.

ब्रह्मगिरीचा एक झरा राजमहेंद्रीला पोचतो, यावर नाशिककर म्हणून छाती फुगते हे मला कळतं. पण नदी एका झऱ्याची नसते. नाशिक सोडल्यावर दारणा मिळते, नांदूरमध्यमेश्वरला कादवा मिळते. दारणा जिथून येते त्या इगतपुरीच्या बाजूला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, नाशिक शहरात सातशेच्या आगेमागे. पुढे प्रवरा, पूर्णा, मांजरा. आणि मग गडचिरोलीत सिरोंचाजवळ प्राणहिता, वर्धा, वैनगंगा आणि पैनगंगा यांचं पाणी घेऊन येणारी. गोदावरीची ही सगळ्यात मोठी उपनदी. त्यानंतर इंद्रावती, शबरी. गोदावरीचं सगळं खोरं तीन लाख बारा हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे. त्यात पैठणच्या जायकवाडीपर्यंतचं, म्हणजे आपलं, नगरचं आणि संभाजीनगरच्या बाजूचं मिळून, सात टक्के भरतं. राजमहेंद्रीजवळ जी अफाट नदी दिसते तिच्यात विदर्भ, छत्तीसगड आणि ओडिशाचं पाणी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. याने ब्रह्मगिरीचा मान कमी होत नाही. राजमहेंद्रीखालच्या धवळेश्वरमच्या पुढे नदी फुटते तेव्हा तिच्या एका फाट्याला आजही गौतमीच म्हणतात, हे वाचलं तेव्हा मला आजीची आठवण आली होती.

राहिला पूर. इथे मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, म्हणून तो जास्त पटतो. गंगापूर धरण भरलं की विसर्ग वाढवावा लागतो, आणि किती क्युसेक (सेकंदाला किती घनफूट) सुटले यावर घाटावर पाणी किती चढणार हे बऱ्याच अंशी ठरतं. विसर्ग कधी आणि किती करावा यावर प्रश्न विचारलेच पाहिजेत. पण नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला पाणी लागलं यावरून पूर मोजायची आपली रीत बघा. सराफ बाजारात पाणी शिरणं, नारोशंकर मंदिराच्या घंटेपर्यंत पाणी जाणं, हे जुन्या नाशिकच्या बोलण्यात मुरलेलं आहे. धरण नसताना त्या पहिल्या तीव्र उतारावरून येणारं हेच पाणी अडवायला मधे काहीच नव्हतं. शिवाय धरणाच्या खालीही पाऊस पडतो. वाघाडी नदी पंचवटीतून येऊन मिळते, नासर्डी नदी पुढे टाकळीला मिळते. शहरातल्या नाल्यांवर आपण रस्ते घातले, आवारं फरशीने झाकली, म्हणून तासाभराच्या पावसात ते सगळं पाणी एकदमच पात्रात उतरतं. त्यात रामकुंडाच्या परिसरात नदीचा तळ काँक्रीटने भरलेला. खालून पाझरणारे जुने झरे त्याने बुजले आणि पाणी मुरायची जागा गेली. हे धरणाने केलं नाही.

आता त्या शेवटच्या ओळीकडे येतो. डोंगरावर काहीही झालं तरी धोका नाही, असं म्हणता येईल ते गंगा हिमालयातून येत असेल तरच. ती येते माथ्यावरच्या मातीतून, कारवीच्या झुडपांखालून, कातळाच्या भेगांतून. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी उत्खनन आणि सुरुंग यांविरुद्ध २०२१ मध्ये नाशिकचे लोक उभे राहिले ते म्हणूनच. डोंगर जेसीबीने उभा कापला की तो भेगाळलेला थर उघडा पडतो, आणि सहा महिने झिरपत राहायचं पाणी चार दिवसांत वाहून जातं. त्र्यंबक रस्त्याला असा एक उतार मला माहीत आहे. कापायच्या आधी त्याच्या खालच्या ओढ्यात संक्रांतीला तिळगूळ वाटून झाल्यावर आम्ही पाय बुडवून बसायचो. गेल्या वर्षी दसऱ्याला तिथे वाळू होती, पांढरी, कोरडी, आणि मधोमध दुचाकीच्या चाकांचे माग.

मामांना मी त्या कोरड्या ओढ्याचा फोटो पाठवलाय.