पंकज मोहिते पाचवा का? चोपड्याच्या नानांना उत्तर

नाना, राम राम.

प्रो कबड्डीच्या पुणेरी पलटण संघात पुढे आलेल्या तरुणांची जी क्रमवारी मी लावली होती, तिच्यावर तुम्ही चांगलीच झोड उठवली. ज्यांनी आधीचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझा क्रम असा होता: अस्लम इनामदार, गौरव खत्री, मोहित गोयत, अभिनेश नादराजन, पंकज मोहिते. नानांचं म्हणणं असं की कबड्डीत गुण बोलतात, मग गुण मोजा आणि क्रम लावा, बाकीचा खटाटोप कशाला? मोहितला आठव्या हंगामात सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळाला, तरी तो तिसरा कसा? कोपऱ्यात उभा राहणारा कोपरारक्षक गौरव आणि त्याच्या आतल्या बाजूचा मध्यरक्षक अभिनेश, हे पकडपटू चढाईपटूंच्या वर कसे? पंकजला पाचवा टाकणं हा तर सरळ अन्याय. आणि शेवटी, असल्या कसोट्या लावल्या तर आपल्या खानदेशातलं पोरगं कुणाला कधी दिसणारच नाही.

पंकजचं आधी घेतो, कारण तिथे तुमनं म्हननं खरं शे. नवव्या हंगामाच्या शेवटी अस्लम आणि मोहित दोघेही दुखापतीने बाहेर होते. उपांत्य सामना तमिळ थलैवाजशी होता. तो पलटणने ३९-३७ असा काढला, आणि चढाईची बाजू पंकजने ओढली. १७ डिसेंबर २०२२ च्या मुंबईतल्या अंतिम सामन्यात जयपूर पिंक पँथर्सने ३३-२९ असं हरवलं हे खरं, पण तिथवर नेलं पंकजने. पुढच्या हंगामाचा अंतिम सामना १ मार्च २०२४ ला हैदराबादला झाला. पलटण २८, हरियाणा स्टीलर्स २५. त्यात पंकजच्या एका चढाईत चार गुण आले. सामन्यातलं अंतर तीन गुणांचं आणि त्या एका चढाईचे गुण चार, हे मी मागच्या वेळी नीट तोललं नव्हतं. मुख्य चढाईपटू बसला की जो उठून काम करतो त्याला ‘पर्यायी’ म्हणून खालचा क्रमांक द्यायचा, ही चूक माझ्या कसोटीतच होती. किती सामन्यांना खेळाडू मैदानावर हजर होता, हा रकाना मी ठेवलाच नव्हता. आता ठेवला आहे.

गुणांबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. एक नमुना घ्या. दोन पोरं, दोघांच्या पंधरा-पंधरा चढाया. पहिल्याचे नऊ गुण: पाच बोनस (कुणाला न शिवता, नुसती बोनस रेषा ओलांडून मिळालेले) आणि चार स्पर्शाचे. पाच वेळा तो पकडला गेला, एक चढाई रिकामी. दुसऱ्याचे सात गुण: एक बोनस, सहा स्पर्शाचे, दोनदा पकडला गेला, सहा चढाया रिकाम्या. गुणतक्त्यात पहिला वर. आता पुढचं बघा. पहिल्याने नऊ मिळवून पाच दिले, म्हणजे हाती चार. दुसऱ्याने सात मिळवून दोन दिले, हाती पाच. त्याहून मोठी गोष्ट अशी की बोनसच्या गुणावर आपला बाद खेळाडू आत येत नाही, तो स्पर्शाच्या गुणावरच येतो. पहिल्याने चार साथीदार जिवंत केले आणि स्वतः पकडला जाऊन समोरच्यांचे पाच जिवंत होऊ दिले. दुसऱ्याने सहा केले आणि दोन होऊ दिले. शिवाय पहिला पाच वेळा बाकावर बसला, तेवढा वेळ संघाची चढाई दुसऱ्या-तिसऱ्या फळीच्या खांद्यावर. लोण, म्हणजे सगळा संघ बाद होणं, तिथूनच चढतो. आता सांगा, निवड समितीत तुम्ही असतात तर कुणाला घेतलं असतं?

बोनसचं आणखी एक आहे. चढाईपटूला निदान जी ओलांडावीच लागते ती निदान रेषा मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर, तिच्या पलीकडे १ मीटरवर बोनस रेषा. तिथून अंतिम रेषेपर्यंत उरतात १.७५ मीटर. एवढ्याशा पट्ट्यात कोपरारक्षक उभा असतो. बोनस मिळवायचा तर पुढचा पाय रेषेपलीकडे टेकलेला हवा आणि मागचा पाय हवेत हवा. म्हणजे त्या एका क्षणी पोराचं सगळं वजन एकाच पायावर, तेही समोरच्याच्या हाताच्या टप्प्यात. गावच्या स्पर्धेत कोपरारक्षक मागे सरून उभा राहतो, ‘एकच गुण आहे, जाऊ दे’ म्हणतो, म्हणून बोनस फुकट मिळतो. प्रो कबड्डीत तोच क्षण कोपरारक्षक हेरून असतो. पाय टेकला की टेकल्या पायाचा घोटा दोन्ही हातांत, छाती पिंडरीला भिडवलेली, आणि मध्यरक्षक मागून दार बंद करतो. मग सहा-सात जण समोर असताना मिळालेले पाच बोनस तिकडे किती उरतील? माझा हिशेब सरळ आहे: तालुक्याच्या स्पर्धेतला बोनस अर्धा धरायचा, स्पर्श पूर्ण धरायचा, आणि समोर चार किंवा कमी असताना केलेला स्पर्श वेगळा लिहायचा. समोर तीन किंवा कमी असतील आणि पकडला गेला, तर ती अव्वल पकड, समोरच्याला दोन गुण. तीही वेगळी लिहायची.

याच तागडीत मोहित आणि अस्लम तोललेत. मोहितचा मान मी नाकारत नाही, त्या हंगामात तो त्याचाच होता. पण क्रमवारी लावताना मी पुढचं बघतो. दहाव्या हंगामात चढाईचे सर्वाधिक गुण दिल्लीच्या आशू मलिकचे होते, २७६. पकडीचे सर्वाधिक मोहम्मदरझा शादलूईचे. आणि हंगामाचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला अस्लम, ज्याच्या नावावर यातलं एकही पहिलं स्थान नव्हतं. चढाई करून आला की लगेच हात धरून उभ्या पकडपटूंच्या साखळीत उभा, कर्णधारपद त्याच्याकडे, आणि पलटण विजेती. नगर जिल्ह्यातलं हे पोरगं मैदानावर असताना प्रशिक्षकाला चढाई आणि पकड यांच्यासाठी दोन वेगळी माणसं शोधावी लागत नाहीत. मोहितही पकडीत हात घालतो, म्हणून तर दोघांत फरक थोडा होता. हजेरीच्या रकान्यात मात्र अस्लमचेही गुण कापलेत. अकराव्या हंगामात तो जखमी झाला आणि विजेती पलटण बाद फेरीपर्यंतसुद्धा पोचली नाही. तो पहिलाच राहतो, पण आधीइतका आरामात नाही.

आता कोपरारक्षक वर का. चढाईपटू पंधरा वेळा चुका करून बघू शकतो, रिकामा परत येऊ शकतो. कोपरारक्षकाला सामन्यात मोजून सहा-आठ संधी. त्यातल्या चार पकडी बसल्या तर तो सामना जिंकून देतो, चार फसल्या तर घालवतो. गौरव उजव्या कोपऱ्यात खेळतो, अभिनेश त्याच बाजूला मध्यरक्षक. विजेत्या संघाची ती बाजू या दोघांनी धरली होती. अभिनेशसारख्याची कामगिरी तक्त्यात पूर्ण उमटतच नाही, कारण पकडीचा गुण एकाच्याच नावावर चढतो. कोपरारक्षकाने घोटा धरला, पण निसटू पाहणाऱ्या चढाईपटूला कमरेशी अडवून मध्यरेषेपासून वळवलं मध्यरक्षकाने. गुण मात्र कोपरारक्षकाचा. टीव्हीवर कॅमेरा चढाईपटूच्या मागे धावतो, म्हणून मी मागच्या रेषेकडून दाखवलेलं पुनर्दर्शन थांबवून बघतो. पहिला हात कुणाचा, दुसरा कुणाचा, आणि कितव्या सेकंदाला. तीस सेकंदांच्या चढाईत पहिल्या आठ-दहा सेकंदांत, तेही तिसरी निर्णायक चढाई (लागोपाठ दोन रिकाम्या गेल्यावरची, जिच्यात गुण आणला नाही तर चढाईपटू बाद) नसताना, पुढे झेपावणारा पकडपटू मला खटकतो. वेळ त्याच्या बाजूने आहे, तरी तो घाई करतो. अशी उतावळी झेप सामन्यात दोनपेक्षा जास्त वेळा दिसली की त्याचा क्रमांक उतरतो, गुण कितीही असोत.

पकडपटू उशिरा पिकतात हे तुमचं म्हणणं बहुतेकांना लागू पडतं. पण शादलूईने आठव्या हंगामात, प्रो कबड्डीतल्या पहिल्याच वर्षी, पाटण्याकडून पकडीचे ८९ गुण घेतले. तेव्हा वयावरून कुणाला मागे ठेवायचं नाही, एवढं मी पाळतो.

सुधारलेला क्रम: अस्लम, गौरव, पंकज, मोहित, अभिनेश. पंकज दोन पायऱ्या चढला आणि मोहित एक उतरला. हे तुम्हाला अर्धंच आवडेल, पण नवव्या हंगामाच्या निर्णायक आठवड्यात एक जण मैदानावर होता आणि एक नव्हता, ते मला सोडता येत नाही.

आता तुमचा शेवटचा आक्षेप, आणि तो मला सगळ्यांत जास्त लागला. आपल्याकडची पोरं दिसत नाहीत, याचं खापर मी कसोट्यांवर फोडणार नाही. ती कागदावर येतच नाहीत. शहादा, शिरपूर, चोपडा, यावल, कुठेही हिवाळ्यातली स्पर्धा घ्या. कोण जिंकलं, कुणाला चषक मिळाला, सर्वोत्कृष्ट चढाईपटू कोण, एवढंच उरतं. त्या पोराने किती चढाया केल्या आणि किती वेळा पकडला गेला, हे दुसऱ्या दिवशी कुणालाही सांगता येत नाही.

शिवाय आपल्या मैदानाचा फरक आहे. पूर्वी नियमाने मैदान माती, शेणखत आणि लाकडाच्या भुशाचं मऊ करायचं. आपल्याकडे काळी माती. पाणी जास्त झालं तर पायाला लादी चढते, कमी झालं तर फरशीसारखी टणक होते. अशा मातीत अनवाणी पाय सरकतो. घोटा धरला तरी थोडा घसरून पोरगं सुटतं, आणि आपण टाळ्या वाजवतो. मॅटवर बूट घातलेला पाय रुतून बसतो. घोटा धरला की धरला. वळताना पाऊल जागेवर राहतं आणि गुडघा पिळतो, मातीतून थेट मॅटवर गेलेली पोरं इथेच दुखापत करून घेतात. निवड चाचणीच्या आधी निदान सहा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस मॅटवर बूट घालून सराव हवा. सुरुवातीचे दोन आठवडे पकड नाही, फक्त पदन्यास आणि वळणं.

वजनाचंही तसंच. कुमार गट २० वर्षांखालचा, ७० किलोपर्यंत. खुल्या गटात हद्द ८५ किलो. ६२-६३ किलोचं आपलं पोरगं कुमार गटात ताकदीने साखळी तोडून येत असेल, तर तिकडे साखळीतला एकेक गडी त्याच्याहून वीस किलोने जड असू शकतो. म्हणून तो सुटतो कसा ते लिहा. उडी मारून किंवा हात लांब टाकून, पकड बसायच्या आधी सुटत असेल तर ते पुढेही टिकेल. अंगात अंग घालून रेटून सुटत असेल तर टिकणार नाही. उलट ७२-७३ किलोची पोरं वजनाच्या दिवशी पाणी तोडून ७० वर येतात आणि दुपारच्या सामन्यात त्यांच्या पोटऱ्यांना गोळे येतात. त्या सामन्याचे आकडे क्रमवारीत धरू नका, आणि पोराला पाणी तोडायला लावणाऱ्याला चार शब्द सुनवा.

चित्रीकरणाचं सांगतो. गाजलेल्या पाच चढाया कापून, त्यावर गाणं लावून पाठवलेल्या फितीचा निवडणाऱ्याला काही उपयोग नसतो, कारण त्यात रिकाम्या चढाया आणि पकडले गेलेले क्षण गाळलेले असतात. मोबाइल आडवा धरून अंतिम रेषेच्या मागे, दहा-बारा फूट उंचीवर बांधा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभा केलेला बांबू पुरतो. सातही पकडपटू चौकटीत दिसले पाहिजेत, झूम करायचं नाही, दोन्ही डाव न थांबवता घ्यायचे. मध्यंतरानंतर बाजू बदलतात तेव्हा मोबाइल हलवू नका, दोन्ही दिशांनी पोरगं दिसतं ते बरंच आहे. सुरुवातीला तारीख, दोन्ही संघ आणि पोराचा बनियनवरचा क्रमांक तोंडाने बोला. आणि शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख आणि आधारवरची एकच आहे ना, ते आधी तपासा. खेळ चांगला असूनही पोरं या कागदावर अडकतात.

तक्ता वहीच्या पानावर हाताने आखला तरी चालेल. रकाने सहा: चढाईचा क्रमांक, समोर किती पकडपटू, पहिली-दुसरी की तिसरी चढाई, निकाल (स्पर्श, बोनस, रिकामी, बाद), बाद झाला तर कुणी आणि कशी पकड केली, आणि साधारण कितव्या सेकंदाला. दोन माणसं लागतात, एक मोठ्याने बोलणारा आणि एक लिहिणारा. एकट्याने केलं तर दर चौथी चढाई निसटते.

नाना, तुमच्याकडे स्पर्धा भरली की कोणत्याही एका पोराचे पाच सामन्यांचे तक्ते पाठवा. पंधरा चढायांच्या हिशेबाने पंचाहत्तर ओळी होतील. त्याहून कमी ओळींवर मी अस्लमचा क्रमसुद्धा लावला नसता, तेव्हा आपल्या पोराचाही लावणार नाही. पंचाहत्तर भरल्या की इथेच, याच पानावर, त्याचं नाव न घेता त्याचा तक्ता मांडतो आणि रकान्यागणिक बोलू.