पी०१७१ आणि रबराची एक नळी

गेल्या महिन्यात माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर 'चेक इंजिन'चा पिवळा दिवा लागला. सर्व्हिस सेंटरमध्ये स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडताच पी०१७१ हा कोड आला आणि त्यापाठोपाठ ऑक्सिजन सेन्सर बदलण्याचा सल्लाही आला. सेन्सर बदलला, पैसे भरले आणि चौथ्या दिवशी तोच दिवा पुन्हा लागला. तेव्हा बहुधा ईसीएमच, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणकच, गेला असावा, असे मला सांगण्यात आले.

माझा आक्षेप या घाईला आहे. ईसीएमला इंजिन दिसत नाही. सेन्सर जे कळवतील तेवढेच त्याला ठाऊक असते. क्रँकशाफ्टबरोबर फिरणाऱ्या दातेरी चकतीवरचे एक-दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात आणि त्या मोकळ्या जागेवरून पिस्टन कुठे आहे याचा हिशेब तो करतो. ३००० आरपीएमला एक फेरा २० मिलिसेकंदांत संपतो. तेवढ्यात आत आलेली हवा, इंजिनाचे तापमान आणि थ्रॉटल (हवेची झडप) किती उघडला आहे हे पाहून पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे त्याला ठरवावे लागते. वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल, हे साधारण प्रमाण साधले की नाही, ते सायलेन्सरच्या वाटेवर बसलेला ऑक्सिजन सेन्सर कळवतो. हवा जास्त झाली की ईसीएम पेट्रोल वाढवतो आणि वाढवून वाढवून मर्यादा गाठली की पी०१७१ नोंदवतो. म्हणजे कोडने फक्त तक्रार लिहून घेतली होती आणि आपण तक्रारदारालाच आरोपी ठरवले.

शेवटी गाडी ओळखीच्या मिस्त्रींकडे नेली. "साहेब, हवा जास्त होतेय एवढंच हा सांगतो, कुठून येतेय ते आपण शोधायचं," असे म्हणून त्यांनी स्कॅनरवर कोडऐवजी फ्युएल ट्रिमचे, म्हणजे ईसीएम पेट्रोल किती वाढवतो-घटवतो त्याचे, आकडे उघडले. आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना, ईसीएम २४ टक्के जादा पेट्रोल देत होता, २५०० आरपीएमला जेमतेम ६ टक्के. मोजणाऱ्या सेन्सरला चुकवून कुठून तरी हवा आत शिरत असली, तर आयडलला मुळात हवाच थोडी लागत असल्याने तिचा वाटा मोठा दिसतो आणि रेस केल्यावर तो नगण्य होतो. इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डकडे जाणारी रबराची व्हॅक्यूम नळी वळणावर चिरली होती. बोटाने दाबताच इंजिनाचा आवाज बदलला.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष आल्यावर नव्या दुचाकींतूनही कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार होऊन ईसीएम आणि इंजेक्टर आले, त्यामुळे गल्लीतल्या गॅरेजातही आता स्कॅनर दिसतो. तो विकत घेणे सोपे आहे; चालू इंजिनाचे आकडे वाचायला मात्र कोणी शिकवत नाही आणि झटपट उत्तर मागणारे आपण ग्राहकही त्याला हातभार लावतो.

नळीला दीडशे रुपये लागले. काढलेला जुना ऑक्सिजन सेन्सर मी मागून घेतला होता. मिस्त्रींनी तो पुन्हा बसवून पाहिला, तर त्याचा आकडा ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान अगदी व्यवस्थित वरखाली होत होता.