क्वार्टरबॅक वाया जात नाही, त्याला वाया घालवतात

एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. तिच्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा) पहिल्या फेरीत घेतलेला क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकून आक्रमण चालवणारा खेळाडू, दोन वर्षांत चमकला नाही की त्याच्यावर ‘बस्ट’चा, म्हणजे फसलेल्या निवडीचा, शिक्का बसतो. हात कमजोर निघाला, उंची कमी पडली, दबाव झेपला नाही, वगैरे वगैरे. अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या रविवारच्या गप्पांतही आता हीच भाषा ऐकू येते. माझं म्हणणं याच्या उलट आहे. यातले बरेच जण वाया गेले नाहीत, त्यांना त्यांच्या संघांनी वाया घालवलं.

दोन नवखे घ्या. दोघंही आपापल्या वर्षीचे पहिल्या क्रमांकाचे पिक, म्हणजे ड्राफ्टमध्ये सगळ्यात आधी निवडलेले. पेटन मॅनिंग, १९९८, इंडियानापोलिस कोल्ट्स: २८ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यांनी पकडलेले पास), संघ ३-१३ (तीन विजय, तेरा पराभव). नवख्या खेळाडूचा तो नकोसा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. डेव्हिड कार, २००२, ह्यूस्टन टेक्सन्स: १५ इंटरसेप्शन, संघ ४-१२. एवढंच पाहिलं तर कारचं पहिलं वर्ष मॅनिंगपेक्षा बरं वाटेल. पण मॅनिंगला त्या वर्षी २२ वेळा सॅक केलं गेलं (चेंडू फेकायच्या आतच पाडलं गेलं) आणि कारला ७६ वेळा. एका हंगामातल्या सॅकचा हा एनएफएलचा विक्रम अजून तुटलेला नाही. पुढच्या वर्षी मॅनिंगचा संघ १३-३ झाला. कारने ह्यूस्टनमध्ये पाच वर्षांत २४९ सॅक खाल्ले आणि २००७ मध्ये त्याला सोडून देण्यात आलं.

या पदाबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला या दोन आकड्यांत दिसते. इंटरसेप्शनमधून क्वार्टरबॅक शिकतो, सॅकमधून तो मोडतो. इंटरसेप्शन झालं म्हणजे त्याने काहीतरी पाहिलं, निर्णय घेतला, चेंडू सोडला, आणि निर्णय चुकला. सोमवारी फिल्म लावली की चूक समोर दिसते: सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) डावीकडून मधे सरकत होता, तू त्याला पाहिलंच नाहीस. दुरुस्त करता येण्यासारखी गोष्ट आहे. पण दुसऱ्या सेकंदाला तीनशे पौंडांचा गडी अंगावर आला तर निर्णयच झालेला नसतो. शिकायला काही उरत नाही, फक्त अंगाला एक सवय लागते.

ती सवय कशी लागते ते सांगतो, कारण सगळं बिघडतं तिथेच.

मागचा प्ले (एक चाल) संपला की घड्याळात ४० सेकंद लागतात. प्रशिक्षकाचा आवाज हेल्मेटमधल्या स्पीकरवर येतो (हेल्मेटच्या मागचा हिरवा ठिपका त्याचीच खूण) आणि घड्याळ १५ वर आलं की तो बंद होतो. तोवर क्वार्टरबॅकने हडलमध्ये (खेळाडूंच्या घोळक्यात) फॉर्मेशन म्हणजे मांडणी, मोशन म्हणजे आधीची हालचाल, प्रोटेक्शन म्हणजे अडवण्याची योजना, रिसीव्हरांचे (पास झेलणाऱ्यांचे) धावायचे रूट आणि चेंडू कितव्या आवाजावर सुटणार हे सगळं एका दमात सांगायचं असतं. कॉलेजमधून येणाऱ्या पोराला याची सवय नसते. तिथे बरेच संघ हडल न करताच खेळतात, मैदानाबाहेरून हातवारे होतात किंवा चित्रांचे फलक दाखवतात, आणि स्पीकरची सोय तर कॉलेजच्या वरच्या विभागात २०२४ मध्ये आली.

मग रेषेवर येऊन तो समोरचा एक लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला गडी) बोटाने दाखवतो आणि त्याचा नंबर ओरडतो. हा ‘माइक’. सेंटर, दोन गार्ड, दोन टॅकल या लाइनमधल्या पाचांनी कोणाला कोणी अडवायचं याची मोजणी तिथून सुरू होते. अडवणारे पाच आणि येणारे सहा असतील तर सहावा मोकळाच सुटणार, आणि त्याचा बंदोबस्त क्वार्टरबॅकने स्वतः करायचा: तो पोचायच्या आत जवळच्या रिसीव्हरकडे ‘हॉट’ पास टाकायचा. बचाव करणाऱ्यांना हे पाठ असतं. म्हणून दोन लाइनबॅकर सेंटरच्या दोन्ही बाजूंना येऊन उभे राहतात, येणार असं भासवतात, आणि स्नॅप होताच, म्हणजे सेंटरने चेंडू मागे देताच, मागे हटतात. येतो तो भलताच कोणीतरी, बहुधा स्लॉटवरचा (आतल्या रिसीव्हरसमोरचा) कॉर्नरबॅक, आणि ज्या गल्लीतून हॉट पास जाणार तिथे एक डिफेन्सिव्ह एंड (बचावाच्या पुढच्या फळीतला टोकाचा गडी) हळूच मागे येऊन उभा राहतो. मोजून चारच जण आले, पण नवख्याला वाटतं सात आले.

स्नॅपपासून चेंडू हातातून सुटेपर्यंत सरासरी पावणेतीन सेकंदांच्या आसपास वेळ मिळतो. या वेळात पायांचं आणि डोळ्यांचं गणित एकमेकांना बांधलेलं असतं. शॉटगनमधून (सेंटरपासून थोडं मागे उभं राहून) मागे तीन पावलं. तिसरं पाऊल टेकलं की पहिला रिसीव्हर. तो झाकलेला असेल तर पुढे छोटीशी उडी, दुसरा. पुन्हा उडी, तिसरा. नाहीच तर बाजूला आलेला रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा). पाय थांबले की डोळे थांबतात. आणि लाइन फुटू लागली की पहिल्यांदा पायच बिघडतात: तो तिसरं पाऊल पुरतं टेकत नाही, वजन मागच्या पायावरच राहतं, कंबर फिरत नाही, सगळा जोर एकट्या खांद्यावर येतो आणि चेंडू रिसीव्हरच्या डोक्यावरून जातो. दोन-तीन सामने असे गेले की डोळेही खाली येतात. सेफ्टी कुठे सरकतोय हे पाहायच्या ऐवजी तो अंगावर येणाऱ्यांना पाहू लागतो. यानंतर एखाद्या रविवारी लाइन चांगली खेळली तरी उपयोग होत नाही, कारण न आलेल्या माणसालाही तो चुकवत असतो.

सॅम डार्नॉल्ड न्यूयॉर्क जेट्समध्ये होता तेव्हा २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये पेट्रियट्सविरुद्ध बाकावर बसून म्हणाला होता की मला भुतं दिसताहेत. त्याला मायक्रोफोन लावलेला होता, वाक्य देशभर प्रसारित झालं आणि त्याची यथेच्छ टिंगल झाली. जेट्स तो सामना ०-३३ ने हरले, त्याचे चार पास पकडले गेले. मला त्या वाक्यात भित्रेपणा कधीच दिसला नाही. वर सांगितलेल्या बिघाडाचं याहून नेमकं वर्णन कुठल्याही प्रशिक्षकाने केलेलं नाही.

दबाव कुठून येतो यालाही फार महत्त्व आहे, आणि संघांनी याकडे वर्षानुवर्षं डोळेझाक केली असं मी म्हणेन. सगळा पैसा आणि कौतुक लेफ्ट टॅकलला, कारण उजव्या हाताच्या क्वार्टरबॅकची पाठ तो राखतो. टेक्सन्सनेही तेच केलं. विस्तार ड्राफ्टमध्ये (नवा संघ इतर संघांतले खेळाडू निवडतो तो) त्यांनी पहिलं नाव घेतलं ते टोनी बोसेली या नामांकित लेफ्ट टॅकलचं. त्याचा खांदा दुखावलेला होता, तो ह्यूस्टनसाठी एकही सामना खेळू शकला नाही, आणि पर्यायी तजवीज नव्हतीच. पण बाहेरून, टॅकलच्या बाजूने येणाऱ्याला वळसा घालून यावं लागतं. क्वार्टरबॅक दोन पावलं पुढे सरकला की तो मागून निघून जातो. सेंटर किंवा गार्ड फुटला तर पुढे सरकायला जागाच नसते. दबाव थेट तोंडावर येतो, नजर झाकली जाते, फेकताना पुढचं पाऊल टाकता येत नाही. म्हणून तरुण क्वार्टरबॅक विकत घेणाऱ्याने आधी मधले तीन जण विकत घ्यावेत, टॅकलचं नंतर पाहावं.

हे कॅरोलायना पँथर्सला उशिरा कळलं. २०२३ चा पहिला पिक ब्राइस यंग, उंची जेमतेम पाच फूट दहा इंच. असा मुलगा घेतला तर मधली फळी अभेद्य हवी. पहिल्या वर्षी त्याला ६२ वेळा सॅक केलं, मुख्य प्रशिक्षक फ्रँक राइकला ११ सामन्यांनंतर काढलं. २०२४ च्या मार्चमध्ये संघाने रॉबर्ट हंट आणि डेमियन लुइस हे दोन गार्ड मोठ्या रकमा मोजून आणले. तरी दोन सामन्यांनंतर यंगला बाकावर बसवलंच. काही आठवड्यांनी तो परत आला तेव्हा पाय पुन्हा टेकू लागले होते, आणि हंगामाच्या उत्तरार्धात तो वेगळाच खेळाडू वाटला. शिकागो बेअर्सने केलेब विल्यम्सला २०२४ मध्ये ६८ सॅक खाऊ दिले, हंगामाच्या मधेच आधी ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाचा प्रशिक्षक) आणि मग मुख्य प्रशिक्षक काढला. पुढच्या हंगामाआधी त्यांनी जो थूनी, जोना जॅक्सन आणि ड्रू डालमन आणले. दोन गार्ड, एक सेंटर. सोबत बेन जॉन्सन हा मुख्य प्रशिक्षक. हे सगळं एक वर्ष आधी का नाही, याचं उत्तर शिकागोच्या चाहत्यांना मिळायला हवं.

आता दुसरी बाजूही मांडतो, कारण ती खरी आहे. सगळे सॅक लाइनच्या माथी मारता येत नाहीत. विल्यम्सच्या ६८ पैकी बरेच त्याने स्वतः ओढवून घेतलेले होते. कॉलेजमध्ये चार-पाच सेकंद पळून मोठा पास काढायची सवय, तीच इथे चालवायला गेला. चेंडू बाहेर फेकून द्यायला शिकणं हे क्वार्टरबॅकचंच काम. पण हे शिकवायलाही कोऑर्डिनेटर जागेवर लागतो. ॲलेक्स स्मिथ २००५ चा पहिला पिक, सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्स. पहिल्या चार वर्षांत चार कोऑर्डिनेटर: माइक मॅकार्थी, नॉर्व्ह टर्नर, जिम हॉस्टलर, माइक मार्ट्झ. प्रत्येकाची प्लेबुकची भाषा वेगळी. एकाकडे रूटला आकडे, दुसऱ्याकडे नावं. दर वर्षी नव्याने घोकंपट्टी. त्यालाही बस्ट म्हणून झालं. २०११ मध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून जिम हार्बो आला, घडी बसली आणि त्याच स्मिथचा संघ १३-३ झाला. मॅनिंगच्या बाबतीत मात्र टॉम मूर हा एकच कोऑर्डिनेटर दहा वर्षांहून अधिक काळ होता. २८ इंटरसेप्शननंतर त्याला कोणी नवी भाषा शिकायला लावली नाही.

मग नवख्याला आधी बाकावर बसवावं का? ॲरन रॉजर्स ब्रेट फार्वच्या मागे तीन वर्षं बसला, जॉर्डन लव्ह रॉजर्सच्या मागे तीन, पॅट्रिक माहोम्स याच ॲलेक्स स्मिथच्या मागे एक. दुसऱ्या वर्षी माहोम्सने ५० टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे) टाकले. पण नुसतं बाकावर बसून काही होत नाही. स्मिथने त्याला आठवडा कसा लावायचा ते दाखवलं, आणि तेच सोनं आहे. साधारण आठवडा असा: सोमवारी मागच्या सामन्याची फिल्म; मंगळवारी सुट्टी, पण क्वार्टरबॅक येतोच; बुधवारी पहिल्या-दुसऱ्या डाउनचे प्ले (डाउन म्हणजे दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार संधींपैकी एक), गुरुवारी तिसऱ्या डाउनचे, शुक्रवारी रेड झोन (शेवटचे वीस यार्ड). सरावात पहिल्या तुकडीसोबतच्या जवळपास सगळ्या संधी मुख्य क्वार्टरबॅकलाच मिळतात, राखीव मुलगा पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे प्ले कार्डावर पाहून करत असतो. तयार नसलेल्या पोराला उतरवलं तर तो हे सगळं मार खात-खात शिकतो. सी. जे. स्ट्राउड आणि जेडन डॅनियल्स पहिल्याच वर्षी छान खेळले हे मान्य. पण डॅनियल्ससाठी वॉशिंग्टनने त्याला सवय असलेलाच हडलविरहित, वेगवान खेळ लावला होता. त्याला नव्या घरात जुनंच अंथरूण मिळालं.

थांबायला कोणी तयार नसतं याचं कारण पैसा. २०११ च्या करारापासून नवख्यांचे पगार ठरलेले आहेत. विल्यम्सला चार वर्षांचे मिळून साधारण चार कोटी डॉलर. डॅक प्रेस्कॉट या मुरलेल्या क्वार्टरबॅकला २०२४ च्या करारात सरासरीने एका वर्षाचे सहा कोटी. एका संघातल्या सगळ्या खेळाडूंच्या मिळून पगाराला मर्यादा असते, २०२५ मध्ये ती २७.९ कोटी डॉलर होती. म्हणजे क्वार्टरबॅक स्वस्त आहे तोवरच जिंकून घ्या, अशी मालकांची घाई. त्यात प्रशिक्षकाची खुर्ची डगमगत असते, त्यालाही उद्याचा सामना हवा असतो. पोराच्या चौथ्या वर्षाचा विचार करणारं त्या इमारतीत कोणीच नसतं.

आणि किंमत फक्त कारकिर्दीची नसते. अँड्र्यू लक, २०१२ चा पहिला पिक, यशस्वी, कोणीही बस्ट म्हणणार नाही असा. लाइन वर्षानुवर्षं कच्ची. बरगडीची कूर्चा फाटली, २०१५ मध्ये मूत्रपिंडाला जखम, मग फेकायच्या खांद्याची शस्त्रक्रिया, २०१७ चा संपूर्ण हंगाम गेला. २०१८ मध्ये क्वेंटन नेल्सन हा गार्ड सहाव्या क्रमांकावर घेतला आणि त्या वर्षी १६ सामन्यांत लकला फक्त १८ वेळा सॅक केलं गेलं. म्हणजे जमत होतं. सहा वर्षं आधीही जमलं असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये, २९ व्या वर्षी, तो निवृत्त झाला. बातमी सराव सामना चालू असताना फुटली, आणि मैदानातून बाहेर जाताना त्याच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. त्याचा मला आजही राग आहे.

डार्नॉल्डचं पुढे काय झालं? २०२४ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जमध्ये केव्हिन ओकॉनेलच्या हाताखाली ३५ टचडाउन पास, संघ १४-३. हात तोच, डोकं तेच. प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) रॅम्सविरुद्ध त्याला नऊ वेळा सॅक केलं आणि लगेच जुनी टीका परत सुरू झाली. तो सामना पुन्हा पाहायचा असेल तर एक करा: तिसरा डाउन आणि सात यार्डांहून जास्त बाकी असलेले प्ले तेवढे निवडा. स्नॅप होताच चेंडू सोडून सेंटर आणि गार्डांच्या पाठी पाहा, त्या क्वार्टरबॅककडे ढकलल्या जाताहेत का. मग येणारे मोजा: चार, पाच की सहा. मग त्याचं शेवटचं पाऊल टेकलं का ते पाहा. टेकलं, वेळ होता, आणि तरी चेंडू हातात राहिला तर दोष त्याचा. पाऊल टेकायच्या आत मधली फळी त्याच्या मांडीवर येऊन बसली असेल तर तो सॅक दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर लिहा.